पाणी जातं कुठे?

न्थालिरे,
८ जून १९९७

मामा, नमस्कार.

तुमच्याकडून घेतलेली पिकअप आजारी आहे, म्हणून हे पत्र. आधी मी काय केलं ते सांगते, ऐकून मग रागवा.

मेच्या सुरुवातीला वॉटर पंप किंचाळायला लागला. पंखा धरून हलवला तर वरखाली होत होता, म्हणजे बेअरिंग गेलेलं. आमच्याकडे मेकॅनिक नाही. चितिपाला नेली असती तर पंधरा दिवस तिथेच उभी राहिली असती, आणि माझ्या नवऱ्याच्या, लुसुंगूच्या दवाखान्यात अडलेल्या बायकांना मोठ्या इस्पितळात न्यायला दुसरी गाडी नाही. म्हणून मीच उघडली. लहानपणी सुट्टीत तुमच्या गॅरेजात पाने पुसत बसायचे, तेव्हा पाहिलेलं एकेक आठवत गेलं.

नवा पंप बसवला, थर्मोस्टॅट बदलला, दोन्ही होज नवे घातले. आतून विटेसारखं लाल पाणी आलं, तेव्हा धुण्याचा सोडा घालून इंजिन चार वेळा धुतलं. शेवटच्या वेळी पिता येईल असं पाणी निघालं. मग तुम्ही मागे दिलेलं हिरवं कूलंट भरलं. लुसुंगू दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, "शेवटी एखादा बोल्ट उरला तर मला सांगू नकोस, मी गाडीत बसणार आहे." एकही उरला नाही.

आठ दिवस छान चालली. आता मात्र चितिपाला जाऊन आले की रेडिएटर दोन लिटरने रिकामा असतो. खाली एक थेंब नाही. पाणी जातं कुठे?

गिरणीवाला म्सिस्का बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, न्सिमाच्या लापशीचं पातेलं ढवळायचं असतं, इंजिन ढवळायचं नसतं." लोक हसले. मीही हसले. पण काल चर्चमधल्या दोन बायका चितिपाला पायी आणि मग ट्रकने गेल्या, माझ्याकडे आल्या नाहीत.

मामींना नमस्कार. गुडघा कसा आहे?

तुमची भाची,
तिवोंगे


म्झुझू,
१७ जून १९९७

तिवोंगे पोरी,

पत्र ट्रकवाल्या जेरेने आणून दिलं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ही तुमच्याकडे राहिली असती तर गॅरेज अजून चालू असतं." साठीला आलेल्या माणसाला बायको असं बोलते.

गळती शोधायची तर घाई करायची नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रात्रभर खाली पुठ्ठा घालून ठेव. सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा. होजच्या क्लिपा पुन्हा आवळ, नवं रबर बसतं तसं त्या सैल होतात. रेडिएटरच्या झाकणाचं रबर पाहा, फाटलं असेल तर पाणी वाफ होऊन तिथून जातं. डिपस्टिक काढून ऑइल बघ, दुधाळ असेल तर हेडचं पॅकिंग गेलं. आणि पंपाचं पॅकिंग नीट तपास. बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे असतात, तू एकाच बाजूने आवळत गेली असशील. नवखे तेच करतात.

सोड्याने धुवायला तुला कोणी सांगितलं होतं? जुनं इंजिन इतकं खरवडून धूत नाहीत. असो. झालं ते झालं.

इकडे थंडी आहे. मामीचा गुडघा हवेप्रमाणे बोलतो.

तुझा मामा,
लायटन लुहांगा


न्थालिरे,
२९ जून

मामा, नमस्कार.

सांगितलंत ते सगळं क्रमाने केलं.

पुठ्ठा: तीन रात्री ठेवला, कोरडा. क्लिपा: अर्धा फेरासुद्धा फिरल्या नाहीत, घट्टच होत्या. झाकण: चितिपाला राहणाऱ्या लुसुंगूच्या भावाच्या गाडीचं चांगलं झाकण उसनं घेऊन लावलं, पाणी तेवढंच उतरलं. ऑइल स्वच्छ, मधाच्या रंगाचं. तुम्ही सांगितलं नव्हतं, पण चारही प्लग काढून पाहिले. चारही सारखेच करडे, एकही धुतल्यासारखा नाही. मागून पांढरा धूर नाही. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमध्ये पाहिलं तर बुडबुडे नाहीत. म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जात नाही. बरोबर ना?

पंप पुन्हा उतरवला. पॅकिंगवर बोल्टांचे ठसे चारही बाजूंना सारखे होते. तरी नवं पॅकिंग कापून बसवलं आणि या वेळी बोल्ट मोजून पाव पाव फेरा आवळले.

एक गोष्ट. चढ चढून गाडी थांबवली की बॉनेटमधून गोडसर वास येतो. कूलंट तापल्यासारखा. डाव्या बाजूने, धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या आसपास. गार झाल्यावर पाहिलं तर काही दिसत नाही. तुमच्याकडे असताना तिथे कधी काही झालं होतं का?

इथली गंमत सांगते. शाळेच्या मास्तरांनी मुलांची सहल माझ्या गाडीने न्यायचं ठरवलं होतं. आता म्हणतात, "मॅडम, पालक तयार नाहीत." मी विचारलं, पालक म्हणजे कोण? तर म्सिस्का. त्याला मूलच नाही.

तिवोंगे


म्झुझू,
८ जुलै

तिवोंगे,

तुझं पत्र वाचून हसलो. प्लग काढून पाहिलेस हे चांगलं केलंस.

वासाचं म्हणशील तर भरताना कूलंट सांडलेलं असतं, ते महिनाभर वास देतं. त्याकडे लक्ष देऊ नकोस. डाव्या बाजूला काही नाही. माझ्याकडे असताना गाडीला कसलाही त्रास नव्हता.

दोष पंपाचाच आहे. तू दोनदा काढलास-घातलास, तिथली तासलेली जागा खरवडली गेली असणार. बाईमाणसाच्या मनगटाला किती जोर आवळला याचा अंदाज येत नाही, त्यात तुझी चूक नाही. मी तिथे असतो तर दहा मिनिटांत बसवून दिला असता.

आता उघडझाक बंद कर. जेरेबरोबर एक पुडी पाठवतोय. गळती बुजवायची पूड आहे. गरम पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओत, इंजिन अर्धा तास चालू ठेव. जिथे बारीक फट असेल तिथे ती जाऊन बसते. मग परत सोडा वगैरे घालू नकोस. बस.

मामीने उसिपा मासे पाठवलेत, वाळवलेले. ते पुडीपासून लांब ठेव.

लायटन


न्थालिरे,
२० जुलै

मामा,

मासे मिळाले, पूडही.

पूड टाकायला मन घेत नव्हतं. फट कुठे आहे हे न कळता ती बुजवायची, हे मला पटेना. म्हणून तिसऱ्यांदा पंप उतरवला. तुम्ही म्हणालात ती जागा सपाट आहे की नाही हे लुसुंगूची स्टीलची पट्टी उभी धरून पाहिलं. मला सपाट दिसली. पण तुम्ही म्हणालात तर असेल खरवडलेली. परत बसवताना एक बोल्ट तुटला. त्याआधी माझ्या हातून कधी बोल्ट तुटला नव्हता. मनगटाचाच विचार करत होते. तुटलेला तुकडा काढायला दोन दिवस गेले. लुसुंगू बीन्स शिजवून माझ्यासमोर ठेवून गेला.

मग पूड ओतली. तुम्ही सांगितलंत तशी.

थांबलं. चितिपाला दोनदा जाऊन आले, पाणी जागच्या जागी. पहिल्या खेपेला नेलेल्या बाईला जुळं झालं. तिचा नवरा आता मला रस्त्यात थांबवून हात हातात घेतो.

आभार मानते. तुम्ही इतक्या लांबून ओळखलंत आणि मी हातात पाना घेऊनही ओळखलं नाही.

तिवोंगे


म्झुझू,
३१ जुलै

तिवोंगे,

आनंद झाला. आता काही उघडू नकोस.

चढावर मात्र सावकाश जात जा. सुई लालच्या जवळ आली की लगेच थांबायचं, पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. गाडीत वीसेक लिटर पाण्याचा डबा कायम ठेव. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नकोस. कितीही घाई असली तरी.

तुझी मामी विचारते, यंदाचा मका कोठीत भरून झाला का?

लायटन


न्थालिरे,
२४ ऑगस्ट

मामा,

महिनाभर पत्र नाही, त्याचं कारण.

सतरा तारखेला, रविवारी दुपारी, रोडाला कळा लागल्या. रोडा म्हणजे आमच्या मागच्या घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पहिलटकरीण. लुसुंगूने तपासलं आणि म्हणाला, "बाळ आडवं आहे. इथे होणार नाही." गादी मागे टाकली, रोडाची सासू आणि लुसुंगू मागे बसले, मी निघाले.

मोठ्या चढाच्या निम्म्यात सुई वर गेली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून लगेच थांबले. बॉनेटमधून वाफ. डब्यातलं पाणी होतं, पण इंजिन निवेपर्यंत ओतायचं नाही हेही तुम्हीच सांगितलं होतं. पाऊण तास रस्त्यावर उभे राहिलो. मागून रोडाचा आवाज येत होता. सासू म्हणाली, "ओत की गं पाणी! कसली वाट पाहतेस?" मी म्हटलं, "ओतलं तर इंजिन फुटेल, मग इथेच राहू." ती म्हणाली, "तू उघडलंस तेव्हाच फुटलंय ते."

पाऊण तासाने पाणी भरलं. चढ संपायच्या आत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी डबा संपला. लुसुंगूने गाडीच्या मागेच हात घालून बाळ फिरवलं. त्याने ते आजवर एकदाच पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. अंधार पडायच्या आत बाळ झालं, मुलगी, रडली. पण रोडाचं रक्त थांबेना. तंबाखूचा एक ट्रक आला, त्यात तंबाखूच्या गाठोड्यांवर तिला घातलं. इस्पितळात पोचलो तोवर ती कोणालाच ओळखत नव्हती.

ती वाचली. अजून तिथेच आहे. दोन बाटल्या रक्त दिलं, त्यातली एक लुसुंगूची.

गाडी ओढत आणली. अंगणात उभी आहे. मी पाने पुसले, तेल लावून पेटीत भरले आणि पेटी पलंगाखाली सरकवली. म्सिस्का आता बोलत नाही. मला पाहिलं की मान खाली घालून निघून जातो. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

गाडी भंगारात द्यायची आहे. म्झुझूला कोणी घेईल का ते पाहाल? माझ्या हातांनी जे बिघडलं ते दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायचं नाही, तेव्हा घेणाऱ्याला सगळं सांगा.

तिवोंगे


न्थालिरे,
१ सप्टेंबर

मामा,

गेल्या पत्रात भंगाराचं लिहिलं होतं. तूर्त कोणाशी बोलू नका.

चार दिवस ती गाडी अंगणात पाहिली आणि राहवेना. लुसुंगूला म्हटलं, टाकायची तर आहेच, पण पाणी कुठे जातं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. तो म्हणाला, "मी पेशंटला मेल्यावरही विचारतो, कशाने गेलास म्हणून. बघ."

विचार केला: गळती दिसत नाही, कारण ती इंजिन तापल्यावरच होते आणि तापलेल्या लोखंडावर पाणी टिकत नाही. तर इंजिन गार असताना आत दाब दिला पाहिजे. रेडिएटरच्या जुन्या झाकणाला भोक पाडलं, त्यात ट्यूबचा वाल्व बसवला, वरून रबर आवळलं. रेडिएटर काठोकाठ भरून ते झाकण लावलं आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. होज टणक झाले तोवर. मग पंप सोडून कान लावला.

डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे, बारीक फुसफुस. आरसा धरला. इंजिनच्या ब्लॉकच्या अंगावरून पाणी ओघळत होतं.

माझा पंप कोरडा होता. हात फिरवून पाहिला, मग पुन्हा फिरवून पाहिला.

मॅनिफोल्ड उतरवला. मागे ब्लॉकला चंदेरी रंग दिलेला आहे, फक्त तेवढ्याच जागी. नखाने खरवडला तर खाली राखाडी लांबी निघाली. लोखंडावर भरतात ती, दोन पुड्या मिसळून करायची. लांबीखाली चीर, माझ्या मधल्या बोटाएवढी. लांबी बोटाने दाबून गुळगुळीत केलेली आहे, त्यात अंगठ्याची रेष अजून दिसते.

मी त्या जागेला कधीही हात लावला नव्हता. गाडी माझ्याकडे यायच्या आधी ती तुमच्याकडे अकरा वर्षं होती.

एवढंच लिहायचं होतं. उत्तर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

तिवोंगे


म्झुझू,
२ सप्टेंबर

तिवोंगे,

तुझं चोवीस तारखेचं पत्र काल मिळालं. मामीला वाचून दाखवायला लागलो आणि मध्येच थांबलो. तिने कागद हातातून घेतला, स्वतः वाचला. मग म्हणाली, "तुम्ही तिला सांगितलंय ना?" ती उठून आत गेली. कालपासून माझ्याशी बोललेली नाही. जेरेची वाट पाहत नाही, पत्र पोस्टाने टाकतोय.

इंजिन तुझ्या हातांनी बिघडलेलं नाही. ब्लॉकला चीर आहे, डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे. ती मी पाडली. गाडी तुला द्यायच्या नऊ दिवस आधी रुम्फीहून तंबाखू आणत होतो. पाणी संपलं, इंजिन तापलं. माणसं वाट पाहत होती, म्हणून ओढ्याचं गार पाणी तसंच ओतलं. आवाज ऐकला मी. चाळीस वर्षं हे काम केलंय, तो आवाज कशाचा ते कळलं.

तू तोवर सगळे पैसे दिले होतेस आणि त्या पैशांतून छपराचे पत्रे माझ्या घरावर चढले होते. तुझ्या आईने, माझ्या बहिणीने, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "लायटन देतोय म्हणजे गाडी नव्यासारखी असणार." त्यानंतर मला सांगता आलं नाही. बाहेरून लांबी भरली, आतून पूड टाकली, वरून रंग मारला. दोन-तीन वर्षं जातील आणि तोवर काहीतरी करू, असं स्वतःला सांगितलं.

तू सोड्याने धुतलंस तेव्हा ती पूड निघून गेली. तू काम थोडं वाईट केलं असतंस तर गळती सुरूच झाली नसती. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. तू वासाचं लिहिलंस तेव्हा तर बोट बरोबर त्याच जागी ठेवलंस. आणि मी तुला पंपाकडे पाठवलं. दोनदा. मनगटाचं लिहिलं. ते लिहिताना माहीत होतं की खोटं आहे. तुझा तो पंप मी स्वतः बसवला असता तर याहून बरा बसवला नसता.

रोडाच्या घरच्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू म्हणशील ते करीन.

लायटन


न्थालिरे,
१४ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र नऊ तारखेला आलं. पाकिटावर म्झुझू पोस्टाचा दोन तारखेचा शिक्का आहे. माझं एक तारखेचं पत्र जेरेने तुम्हाला पाच तारखेला दिलं, मी त्याला विचारून घेतलं. म्हणजे मी चीर शोधली हे कळायच्या आधी तुम्ही लिहिलंत. लुसुंगू म्हणाला, "शिक्का कशाला बघतेस?" मी म्हटलं, तो नसता पाहिला तर पुढचं वाचलंच नसतं.

आता माझं ऐका.

गाडी तडकली याचा मला राग नाही. माझ्याकडेही तडकली असती. लांबी भरलीत याचा आहे, पण तोही गिळता येईल, आई काय बोलते ते मला माहीत आहे. जूनमध्ये मी सरळ विचारलं होतं. तेव्हा हो म्हणाला असतात तर मी रोडाला त्या गाडीत घातलं नसतं. आदल्याच दिवशी निरोप धाडून ट्रक बोलावून ठेवला असता, तिचे दिवस भरले होते हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि एक. तो बोल्ट तुटला तेव्हा मी रडले होते. इंजिनाजवळ मी कधी रडले नव्हते. आठ वर्षांची असताना पंख्यात बोट सापडलं होतं, तेव्हासुद्धा नाही. तुम्हीच पट्टी बांधली होतीत.

ब्लॉक शोधा. वापरलेला चालेल, पण दाब देऊन तपासलेला, आणि तपासताना मामी समोर हव्यात. घेऊन इकडे या. बसवणार मी. तुम्ही पाना धरायचा नाही.

रोडा परवा घरी आली. तिच्या मुलीचं नाव तिने तावोंगा ठेवलंय, म्हणजे आम्ही आभारी आहोत. कोणाचे, ते मी विचारलं नाही.

तिवोंगे


म्झुझू,
२५ सप्टेंबर

तिवोंगे,

ब्लॉक मिळाला. तुझ्या मामीने स्वतः सायकलचा पंप मारला आणि अर्धा तास खुर्ची टाकून समोर बसली. कोरडा आहे. ती म्हणते, येताना तीही येणार, नाहीतर मी वाटेत काहीतरी बुजवीन.

जेरेच्या ट्रकने चार तारखेला पोचतो.

लायटन


न्थालिरे,
२६ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही जाऊन दोन आठवडे झाले. गाडी चितिपाला पाच वेळा जाऊन आली. मोठा चढ मुद्दाम न थांबता चढले, लुसुंगू शेजारी बसून सुईकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. पाणी जसंच्या तसं. गोड वास नाही. शाळेची सहल परवा झाली, सव्वीस पोरं मागे कोंबून गात गेली.

तुम्ही सहा दिवस स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलात. पिस्टनच्या रिंगा बसवताना मी चुकत होते तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत, हे मी पाहिलं. मग मामी म्हणाल्या, "बोला, बोलायला बंदी नाही," तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दुसरी रिंग उलटी आहे." होती. ते बरं केलंत. उलटी राहिली असती तर ऑइल जळत राहिलं असतं.

पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे.

रविवारी तुम्ही मामींच्या आधी एकटेच निघालात. मला वाटलं, ट्रक आला का ते बघायला गेलात. लुसुंगूने मला काल सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. तुम्ही आधी रोडाच्या घरी गेलात. तिच्या सासूने तुम्हाला बसायला दिलं नाही, तुम्ही उभ्याने सगळं सांगितलंत. ती म्हणाली, "हे मला एकटीला सांगून काय उपयोग? त्या पोरीला मी सगळ्यांसमोर बोलले होते." मग तुम्ही चर्चच्या दाराशी गेलात, लोक बाहेर पडत होते तिथे, आणि हॅट काढून म्हणालात, "मी लायटन लुहांगा. मी माझ्या भाचीला तडकलेलं इंजिन विकलं आणि दोष तिच्यावर टाकला. तिने केलेल्या कामात एकही चूक नव्हती." लुसुंगू म्हणतो, मागच्या बाजूला कोणाला नीट ऐकू गेलं नाही, तेव्हा तुम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हणालात.

मी त्या वेळी घरी मामींचे डबे भरत होते. मामींना माहीत होतं का? त्या सारख्या खिडकीतून बघत होत्या.

रोडाची सासू काल अंडी घेऊन आली. जाताना तिने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, जसा गुरावर ठेवतात.

तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. पहिल्यांदा लपवलंत त्याचा राग आला होता, या लपवण्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

मामींचं पत्र आलंय. लिहितात की तुम्ही परत आल्यापासून धड जेवत नाही, ताट तसंच सरकवता. मामा, मी अजून रागावलेली आहे. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून तो राग लवकर जाणार नाही, त्याला लागेल तेवढा वेळ लागेल. नोव्हेंबरात पेरणी आटपली की मी म्झुझूला येईन, स्वतः गाडी चालवत. तेव्हा समोर बसून बोलू, आणि मला तुमच्याशी भांडायचंही आहे. त्यासाठी अंगात थोडी ताकद ठेवा.

जेवत जा.

तिवोंगे